चंद्र, सूर्य आणि गाढव

दर दोन-तीन महिन्यांनी कुणी ना कुणी तो व्हिडिओ पाठवतंच. पार्श्वभूमीला बासरी, पडद्यावर एकामागून एक चित्रं. इजिप्तचा नाग, आपला नाग, मेक्सिकोचा पंखवाला नाग. सुमेरचं झाड, आपला कल्पवृक्ष. इथलं स्वस्तिक, ट्रॉयचं स्वस्तिक. शेवटी काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत प्रश्न : "हा केवळ योगायोग असू शकतो का?" खाली हजारभर लोकांनी उत्तर दिलेलं असतं, की नाही, नसू शकतो, सगळं आपल्याकडूनच गेलं. उरलेले म्हणतात, परग्रहावरून आलं.

मला या व्हिडिओंचा राग येत नाही. साम्यं खरी असतात, डोळ्यांना दिसतात, ती नाकारण्यात काही हशील नाही. पण "सारखं दिसतं" आणि "एकाच ठिकाणाहून आलं" या दोन वाक्यांच्या मध्ये बराच मोठा खड्डा आहे, आणि व्हिडिओ तो बासरीच्या एका तानेत ओलांडून जातो. या विकांताला म्हटलं, एक तरी साम्य नीट उकलून बघू. त्यासाठी पिरॅमिडपर्यंत जायची गरज नाही. मांडव्याला बोटीतून उतरायचं आणि अलिबागहून रेवदंड्याचा रस्ता धरायचा. आक्षी, नागाव, चौल, रेवदंडा. पंधरा-सतरा किलोमीटरचा रस्ता. आपण तिथे मासे खायला आणि पॅरासेलिंग करायला जातो. :-)

या रस्त्यावर आक्षीला एक शिळा आहे. बरीच वर्षं ती रस्त्याच्या कडेला उपेक्षित पडून होती. वर चंद्र-सूर्य कोरलेले आणि खाली मराठी मजकूर. 'पश्चिम समुद्राचा अधिपती, कोकण चक्रवर्ती केशीदेवराय' अशी राजाची पदवी, भइर्जु सेणुई हा त्याचा महाप्रधान, आणि महालक्ष्मीच्या बोडणासाठी नऊ कुवली (हे धान्याचं माप) दिल्याची नोंद. साल शके ९३४, म्हणजे इ.स. १०१२. डॉ. शं. गो. तुळपुळ्यांच्या वाचनाप्रमाणे हा तारीख असलेला सर्वात जुना मराठी शिलालेख ठरतो. काही अभ्यासकांना हे वाचन मान्य नाही. केशीदेव नावाचा राजा उत्तर कोकणच्या शिलाहारांत तेराव्या शतकाच्या सुरुवातीलाही होऊन गेला, त्यामुळे हा कोणता केशीदेव, यावर वाद आहे.

इथे माझ्यातला संगणकवाला जागा झाला. लेखात शकाबरोबर संवत्सराचं नावही आहे : 'प्रधावी', म्हणजे परिधावी. संवत्सरं साठ, चक्र अखंड फिरतं. दक्षिणेकडच्या पद्धतीत शकात १२ मिळवायचे, ६० ने भागायचं, बाकी उरेल तो संवत्सराचा क्रमांक. ९३४ अधिक १२ म्हणजे ९४६. बाकी ४६. प्रभवापासून मोजलं तर सेहेचाळिसावा संवत्सर परिधावीच! हजार वर्षांपूर्वीच्या लेखनिकाने आकड्यासोबत चक्क चेकसम ठेवून दिलाय. एवढ्याने वाद मिटत नाही, पण ९३४ वाचणाऱ्यांच्या पारड्यात एक चांगलं वजन पडतं.

असो. आपला विषय शिळेच्या माथ्यावरचा चंद्र-सूर्य.

हे चित्र महाराष्ट्रात इतक्या दगडांवर आहे की आपल्याला त्याचं काही वाटत नाही. वीरगळावर असतं, सतीशिळेवर असतं, दानाच्या शिळेवर असतं. (आणि म्हणूनच चंद्र-सूर्य दिसला की "वीरगळ!" असं ओरडणारे ट्रेकर मित्र प्रत्येक ग्रुपमध्ये एक-दोन असतात.) अर्थ सरळ आहे : जोवर चंद्र-सूर्य आहेत तोवर. वीरगळावर वीराची कीर्ती तोवर, सतीशिळेवर सतीचं पुण्य तोवर, दानशिळेवर दान तोवर. ताम्रपटांत हेच 'आचंद्रार्क' या एका शब्दात येतं. शब्द वाचता येणाऱ्यांसाठी शब्द, बाकीच्यांसाठी चित्र.

आता बॅबिलोन. कासाइट राजांच्या काळात, म्हणजे साधारण इ.स.पू. चौदाव्या शतकापासून, तिथे राजाने कुणाला जमीन दिली की दगड कोरायचे. त्यांना कुडुर्रू म्हणतात. मेलिशिपाक नावाच्या राजाने आपल्या मुलीला जमीन दिली, त्या वेळचा दगड पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहे. राजा मुलीचा हात धरून तिला नानाया देवीपुढे नेतोय, आणि माथ्यावर चंद्रकोर, सूर्य आणि शुक्राची चांदणी. मजकुरात जमिनीच्या सीमा आणि हे दान मोडणाऱ्याला शाप. यातले बरेच दगड सापडले ते इराणमधल्या सुसा इथे, कारण इ.स.पू. बाराव्या शतकात एलामच्या राजाने बॅबिलोन लुटलं आणि हे दगडही उचलून नेले. शाप दगडावर होतेच. चोराने ते वाचले असतील तरी मनावर घेतले नाहीत.

माथ्यावर चंद्र-सूर्य, मधे जमिनीचं दान, शेवटी शाप. आक्षीचा रस्ता आणि बॅबिलोन, मधे दोन-सव्वादोन हजार वर्षं. बासरी सुरू करायला हरकत नाही. पण जरा थांबा.

कुडुर्रूवरचा सूर्य म्हणजे शमश, चंद्र म्हणजे सिन, चांदणी म्हणजे इश्तर. हे देव आहेत, आणि ते तिथे साक्षीदार म्हणून हजर आहेत. शमश तर न्यायाचाच देव. म्हणजे दगडाच्या माथ्यावर कोर्ट भरलंय. आपल्या शिळेवर सूर्य-चंद्र प्रामुख्याने मुदत सांगतात. किती दिवस? तर एवढे. आपल्याकडेही सूर्य-चंद्र साक्षी ठेवून शपथ घेतात, नाही असं नाही, पण 'आचंद्रार्क' हा काळाचा हिशोब आहे. चित्र तेच, वाक्यातली जागा वेगळी. एकीकडे कर्ता, दुसरीकडे कालवाचक क्रियाविशेषण. (शाळेतल्या व्याकरणाच्या बाई हे वाचून खूश होतील.) गंमत म्हणजे ज्यूंच्या स्तोत्रांत दावीदाच्या गादीबद्दल जे वचन आहे, त्यात सूर्य-चंद्र येतात ते आपल्यासारखेच, टिकण्याचं माप म्हणून. म्हणजे बॅबिलोनच्या शेजारी राहून ज्यूंची वाक्यरचना बॅबिलोनपेक्षा आक्षीच्या जवळची. इथे कुणी कुणाची नक्कल केली म्हणायची? 'कायमचं' हे ज्याला दाखवायचं आहे तो वर बघणार. तिथे दोनच मोठ्या गोष्टी आहेत आणि त्या सगळ्यांना फुकट दिसतात.

इथपर्यंत सोपं आहे. खरी अडचण दगडाच्या तळाशी आहे.

शिलाहारांच्या आणि नंतर यादवांच्या काळातल्या अशा अनेक शिळांचे तीन भाग असतात. वर चंद्र-सूर्य, कधी मधे कलश. मधल्या भागात मजकूर. आणि खाली एक गाढव आणि एक बाई. गाढव बाईवर चढलेलं आहे. याला गधेगाळ म्हणतात, म्हणजे गाढवाची शिवी. इंग्रज अधिकाऱ्यांनी गॅझेटियरात याचं 'अ‍ॅस-कर्स' असं कोरडं भाषांतर करून टाकलं. अर्थ : जो कोणी हे दान मोडेल त्याच्या आईवर गाढव जाईल. शिळेवरचे मूळ शब्द इतके रोखठोक आहेत की मी इथे लिहीत नाही, आईबाबाही हे पान वाचतात.

मुंबईत परळला सापडलेली शिलाहार राजा अपरादित्याची शिळा (इ.स. ११८७) यासाठी फार बोलकी आहे. लेख संस्कृतात सुरू होतो. राजा, तिथी, कोणत्या बागेतून किती द्रम्म कोणत्या देवाला, सगळं सभ्य राजभाषेत. आणि शाप द्यायची वेळ येते तेव्हा लेखनिक एकदम मराठीवर येतो. हापिसात दिवसभर इंग्रजीत मेल लिहिणारा माणूस गाडीला कट मारल्यावर ज्या भाषेत बोलतो, तीच ही उडी.

संस्कृत दानपत्रांतही शाप असतात. नेहमीचा असा, की दिलेली जमीन हिरावणारा साठ हजार वर्षं विष्ठेत किडा होऊन राहतो. पण ही शिक्षा पुढच्या जन्मी, आणि वाचता येणाऱ्याला. गावच्या दांडगटाला, किंवा पुढच्या राजाच्या वसुली कारकुनाला, साठ हजार वर्षांचं काय? त्याला आजच्या आज, चारचौघांत, गावाच्या वेशीवर लाज वाटेल असं काहीतरी हवं. गाढवाचं चित्र बघायला अक्षरओळख लागत नाही.

इथपर्यंत आपलं आपल्यापुरतं होतं. आता इजिप्तला चला.

ऑक्सफर्डच्या अ‍ॅशमोलियन संग्रहालयात एक पपायरस आहे, इ.स.पू. ११०० च्या सुमाराचा, अकराव्या रामसेस राजाच्या काळातला. नेबनेफेर नावाच्या माणसाला मूल नव्हतं. आपल्यामागे बायकोला सगळी मालमत्ता मिळावी, भाऊबंदांनी हिसकावू नये, म्हणून त्याने बायकोलाच मुलगी म्हणून दत्तक घेतलं! वकिलाला सुचणार नाही अशी पळवाट. पुढे सुमारे सतरा वर्षांनी ती बाई घरच्या दासीच्या तीन मुलांना मुक्त करते आणि त्यांना आपली मुलं म्हणून दत्तक घेते. आणि मग शेवटी शाप येतो. या मुलांना जो कोणी पुन्हा दास म्हणेल, त्याच्यावर गाढव जावो आणि त्याच्या बायकोवर गाढव जावो.

पहिल्यांदा हे वाचलं तेव्हा मी खुर्चीतून उठून एक फेरी मारून आलो.

हा एखादा सुटा नमुना असता तर सोडून दिला असता. पण त्यानंतरच्या शतकांत, लिबियन वंशाच्या राजांच्या काळात, इजिप्तमध्ये देवळांना जमीन दान दिल्याचे दगड उभे राहू लागले. त्यांवर लिहिलंय, अमुक इतकी जमीन अमुक देवळाला, आणि हे मोडणाऱ्यावर गाढव जावो. जमीन, देऊळ, दगड, गाढव. सगळे घटक हजर. चंद्र-सूर्य आपण 'वर बघितलं की दिसतात' म्हणून निकालात काढले. गाढवाचं काय करायचं? शापासाठी जगात प्राणी काय कमी आहेत?

शिवाय मोह पडावा असा दुवा याच रस्त्यावर आहे. चौल. ग्रीक खलाशांच्या पेरिप्लसमधलं सेमुल्ला ते हेच, असं बहुतेक अभ्यासक मानतात. कान्हेरीच्या लेण्यांत चेमुलाच्या दात्यांची नावं आहेत. त्या काळी इजिप्तच्या तांबड्या समुद्रावरच्या बंदरांतून जहाजं मोसमी वाऱ्यावर थेट आपल्या किनाऱ्याला लागायची. त्यातल्या बेरेनिके बंदराच्या उत्खननात एका रांजणात साडेसात किलो भारतीय काळी मिरी निघाली, आणि अलीकडे तिथे बुद्धाची मूर्तीही सापडली. पुढे दहाव्या शतकात अरब प्रवासी अल-मसुदी 'सैमूर'ला, म्हणजे चौललाच आला होता, हिजरी ३०४ मध्ये. राजा झंझ, असं त्याने लिहून ठेवलंय. हा झंझ म्हणजे शिलाहार. म्हणजे ज्या राजघराण्याच्या दगडांवर गाढव येणार, त्याच घराण्याच्या बंदरात इजिप्तच्या वाटेने येणारी माणसं उतरत होती. अजून काय पुरावा हवा?

तारखा हव्यात. इजिप्तचे ते दानाचे दगड इ.स.पू. दहाव्या ते सातव्या शतकाच्या आसपासचे. आपल्या गधेगाळी इ.स. दहाव्या शतकानंतरच्या. मधे पंधराशे वर्षांहून जास्त अंतर. जी मिरीची जहाजं आपल्याला दुवा वाटतात ती या अंतराच्या बरोबर मधे येतात, पण त्या काळातल्या आपल्याकडच्या दानलेखांवर गाढव नाही. नाणेघाट, कार्ले, कान्हेरी, कुडे, सगळीकडे दानाचे लेख ढिगाने आहेत, गाढव एकावरही नाही. आणि मसुदी आला तोवर जुनी इजिप्शियन लिपी वाचणारा माणूस पृथ्वीवर उरला नव्हता. चित्रलिपीतला शेवटचा तारखेचा लेख इ.स. ३९४ चा, तिच्याच धावत्या रूपातला शेवटचा ४५२ चा. त्यानंतर ती वाचली गेली ती थेट १८२२ मध्ये, शांपोलियोंकडून.

कुणी म्हणेल, शिवीला लिपी कशाला लागते? खलाशाच्या तोंडून आली असेल. मुद्दा चांगला आहे. पण मग ती केरळच्या बंदरांत आधी रुजायला हवी होती, कारण इजिप्तच्या जहाजांचं खरं येणंजाणं मिरीसाठी तिकडेच. गधेगाळी मात्र मुख्यतः महाराष्ट्रात आणि गोव्यात, आणि नुसत्या किनाऱ्यावर नाहीत, घाटावरही आहेत. बंदरातून आलेली गोष्ट अशी पसरत नाही.

आणि गाढव इथे आधीच होतं. ओडिशातल्या हाथीगुंफा लेखात राजा खारवेलाने एका शत्रुनगरावर गाढवाचा नांगर फिरवल्याची नोंद आहे, असं वाचन आहे. तो लेख दोन हजार वर्षं जुना. आपल्याला हे पुण्यामुळे माहीत असतं. १६३० च्या सुमाराला आदिलशाही सरदार मुरार जगदेवाने शहाजीराजांचं पुणं जाळून त्यावर गाढवाचा नांगर फिरवला आणि पहार ठोकली. म्हणजे ही जागा आता ओसाड, इथे कुणी वसू नये. पुढे जिजाबाईंनी आणि बाळ शिवाजीने सोन्याच्या फाळाने नांगरून तो शाप उतरवला, अशी परंपरेने चालत आलेली हकीकत आहे. जमिनीवर बैल चालला तर पीक, गाढव चाललं तर नाश. गधेगाळीतली बाई म्हणजे खरं तर भूमी, आणि शाप जमीन नापीक होण्याचा, असं एक मत यावरूनच मांडलं जातं. मला ते निम्मं पटतं. चित्रामागे ती कल्पना असेल, पण मजकुरात सरळ 'आई' असं म्हटलंय, आणि आई म्हणजे ज्याने गुन्हा केला त्याची आई.

हे जरा बोचतंच. इजिप्तच्या शापात गाढव आधी गुन्हेगारावर जातं, मग बायकोवर. आपल्याकडे गुन्हा करणारा शाबूत राहतो आणि शिक्षा घरातली बाई भोगते. दान मोडणारा देसाई, शाप त्याच्या म्हाताऱ्या आईला. आजही सिग्नलवर ज्या शिव्या ऐकू येतात त्यांची रचना तपासा, बदललेली नाही. इतिहासातलं हे सातत्य कुठल्याही व्हिडिओत बासरीबरोबर येत नाही.

मग इजिप्त आणि कोकण यांच्यात सारखं काय? माझ्या धंद्याच्या भाषेत सांगतो : रिक्वायरमेंट सारखी. आपण मेल्यावरही एक व्यवहार टिकला पाहिजे. तो मोडणारा माणूस आपल्यापेक्षा बलवान असण्याची शक्यता जास्त. पोलीस नाही, कोर्ट लांब, वाचता येणारे मूठभर. देव आहे, पण देवाच्या शिक्षेला वेळ लागतो. अशा वेळी हातात उरते फक्त लाज. आणि घरोघरी असलेला, ओझी वाहणारा, माजावर आला की भर रस्त्यात कुणाचीही पर्वा न करणारा, सगळ्यांनी बघितलेला प्राणी कोणता? दोन वेगळ्या टीमना एकच प्रॉब्लेम दिला आणि एकमेकींचा कोड न बघता दोघींनी तोच उपाय लिहिला, हे आपल्या क्षेत्रात रोज होतं. त्यासाठी कुणाला कुणाकडून चोरावं लागत नाही.

गाढव म्हणजे सगळीकडे अपमानच, असंही नाही. आजच्या सिरिया-इराकच्या सीमेवर मारी नावाचं शहर होतं. तिथल्या इ.स.पू. अठराव्या शतकातल्या पत्रांत एक अधिकारी कळवतो, की दोन टोळ्यांचा तह करायचा होता, लोकांनी बळीसाठी कुत्र्याचं पिल्लू वगैरे आणलं होतं, मी ते चालू दिलं नाही, गाढवीचं शिंगरूच कापायला लावलं. तिथे गाढवाने करार पक्का होतो. आणि ज्यूंच्या धर्मग्रंथात, जखर्‍याच्या पुस्तकात, येणारा राजा गाढवावर बसून येतो. युद्धाच्या घोड्यावर नाही, नम्रपणे गाढवावर. येशू जेरुसलेमला तसाच गेला तो म्हणूनच.

आता हे लांबचं वाटत असेल तर पुन्हा अलिबागला या. बेने इस्राएल, आपले शनवार तेली, त्यांच्या परंपरेप्रमाणे जहाज फुटून या किनाऱ्याला लागले ते नवगावला, अलिबागच्या उत्तरेला. सात पुरुष, सात बायका वाचल्या. एलियाहू हन्नाबी, म्हणजे एलिया प्रेषित, हा त्यांचा फार लाडका. अलिबागजवळ खंडाळ्याला एका खडकावर त्याच्या रथाच्या खुणा दाखवतात, तिथून तो स्वर्गात गेला म्हणून. ज्यू परंपरेत हाच एलिया पुढे येऊन मसीहाची वर्दी देणार, आणि मसीहा येणार गाढवावर. म्हणजे एकाच तालुक्यात एका समाजाच्या आशेत गाढव आहे आणि दुसऱ्याच्या वेशीवरच्या दगडात तेच गाढव शिवी होऊन उभं आहे. चिन्ह एक, गाव एक, भाषा दोघांचीही मराठी.

नागावची शिळा तर आणखी एक पाऊल पुढे जाते. शके १२८९, म्हणजे इ.स. १३६७ ची. हंबीरराव नावाचा राजा ठाणे-कोकणावर राज्य करतोय, तोवर यादव बुडून अर्धं शतक झालेलं. आणि लेखात शकाच्या जोडीला हिजरी सन आहे, ७६९. काळ बदललेला लेखनिकाला कळलाय, त्याने नवं कॅलेंडर जोडून घेतलं. पण चंद्र-सूर्य आणि गाढव तसेच ठेवले. पुढच्या काळात ही युक्ती अजून सुधारली. मराठी सनदांत शपथ घालताना हिंदूला गाईची आणि मुसलमानाला सुवराची, असं वाचणाऱ्याप्रमाणे वेगवेगळं लिहू लागले. याला आज आपण लोकलायझेशन म्हणतो आणि त्याचे वेगळे पैसे घेतो.

मला व्हिडिओवाल्यांशी भांडायचंय ते इथे. त्यांच्या मते चिन्हात अर्थ भरलेला असतो, बाटलीत पाणी असावं तसा, आणि तो हजारो वर्षं तसाच राहतो. या शिळांचं आज काय झालंय ते बघा. काही ठिकाणी गधेगाळीला शेंदूर फासून तिचा देव केलाय, नारळ फुटतात. शिवी दिलेल्या दगडाला! काही ठिकाणी चित्राची लाज वाटून दगड उलटा पुरलाय. कुठे म्हणतात हा दगड हलवला तर गावावर संकट येईल. एवढी भीती मात्र शिल्लक आहे, कशाची ते विसरून. दान कुणी दिलं, कुणाला दिलं, ते कधीच बुडालं. 'आचंद्रार्क' म्हणून दिलेली नऊ कुवली आज महालक्ष्मीला कोण देतंय?

पण त्याच आक्षीच्या लेखातला एक शब्द बघा : बोडण. त्याला चित्र नाही, चिन्ह नाही. पण कोकणस्थ घरातल्या कुठल्याही आजीला विचारा. दूध, दही, तूप, मध परातीत घालून, देवी ठेवून सुवासिनींनी आणि कुमारिकेने कालवायचं ते बोडण, लग्न-मुंजीनंतर घरात आजही होतं. इ.स. १०१२ चा विधी अगदी असाच असेल असं म्हणत नाही. पण शब्द कळायला पुरातत्त्व खात्याची गरज लागत नाही, कारण कुणीतरी ते सतत करत राहिलं. गाढवाची शिळा कुणी वापरायचं थांबलं आणि तिचा अर्थ दीड-दोनशे वर्षांपूर्वी अधिकाऱ्यांना आणि पंडितांना पुन्हा लावत बसावा लागला.

तो लावता आला तो मधल्या भागामुळे. वरचे चंद्र-सूर्य बॅबिलोनचे वाटतील, खालचं गाढव इजिप्तचं वाटेल, मधला मजकूर मात्र सांगतो कोणत्या देवीला, किती माप, कोणत्या साली, कोणत्या प्रधानाच्या सहीने. जगभर सारखं काय ते चित्रात असतं. इथलं काय ते अक्षरांत असतं. आणि नेमकी अक्षरंच झिजतायत. खारा वारा आहे, पाऊस आहे, आणि वर आपण उत्साही मंडळी आहोत.

तर जाणार असाल तर एवढंच करा. आक्षीला सकाळी लवकर किंवा उन्हं उतरल्यावर जा. तिरप्या प्रकाशात अक्षरं आपोआप उठून दिसतात. त्यांवर पीठ, खडू, हळद काही चोळू नका, फोटो छान येतो पण दगडाचं वाटोळं होतं. फोटो काढताना चंद्र-सूर्याचा आणि गाढवाचा सगळेच काढतात, मधल्या ओळींचा जवळून, बाजूने प्रकाश घेऊन, एक एक करून काढा. आणि रस्त्यात, विहिरीच्या काठावर, देवळामागे असा तीन भागांचा दगड कुठे अर्धा पुरलेला दिसला तर तो उकरत बसू नका. जागा नीट टिपून घ्या आणि पुरातत्त्व विभागाला कळवा. जेवायला नागावला थांबा.